मिस ऑर्डेलांचा नेम

आमच्या यंगस्टाउन गावात बंदूक नसलेलं घर शोधावं लागेल, पण मिस ऑर्डेला पिंकस्टन यांच्या घरात ती कधीच नव्हती. त्यांचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. निम्म्या गावाने त्यांच्या हातचं जेवण खाल्लंय आणि ताटात वाटाणे टाकले म्हणून त्यांची बोलणीही खाल्लीत. मी तर रोज खायचो. त्यामुळे एका मंगळवारी सकाळी चर्चला जायची टोपी घालून त्या मी कामाला आहे त्या नेमबाजीच्या रेंजच्या काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मला वाटलं, बाई दार चुकल्या.

"वेंडेल, तू अजून इथेच का?"

"दुसरीकडे मला कोण ठेवून घेणार, मिस ऑर्डेला?"

"तेही खरंच. मला पिस्तूल चालवून बघायचंय."

मी हसलो नाही हे बरं झालं, कारण त्या का आल्या होत्या ते लगेच माझ्या लक्षात आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा टेरिल बऱ्याच वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावर गोळी लागून गेला. गोळी लमाँट ग्रायरने झाडली होती. हा लमाँट लहानपणी टेरिलबरोबर त्यांच्याच टेबलाशी बसून जेवायचा. लमाँटचं म्हणणं असं, की पंपावरच्या दुकानाच्या दारात तिसऱ्याच एका पोराशी त्याची जुंपली, तो घाबरला, मागे सरकत त्याने त्या पोरावर गोळ्या झाडल्या आणि त्यातली एक बाजूला पंपापाशी उभ्या असलेल्या टेरिलला लागली. सरकारी वकील म्हणाले, इतक्या जवळून नेम एवढा चुकत नसतो, असली पोरं सराव करतात, टेरिलला मुद्दामच मारलं. त्या उन्हाळ्यात एका मुलीवरून टेरिल आणि लमाँटचं बिनसलं होतं, त्यामुळे कोर्टाला पटलं. मिस ऑर्डेलांनाही पटलं.

तेव्हापासून त्या एकट्याच राहतात. माझं घर समोरच आहे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की संध्याकाळी त्यांचा आवाज ऐकू येतो. सुरुवातीला मला वाटायचं, कोणी पाहुणं आलंय. मग एकदा नीट ऐकलं. "लमाँट, आज खिम्याचं मीटलोफ केलंय. टेरिलच्या आवडीचं. तुला मिळणार नाही." जेवण होईपर्यंत त्या त्याला फैलावर घ्यायच्या. दाढी केली नसशील, आईला पत्र लिहिलं नसशील, झोप तरी कशी लागते रे तुला. मी बायको गेल्यापासून टीव्हीशी बोलतो, तेव्हा मी कोण नावं ठेवणार?

आता लमाँटला शिक्षा संपायच्या आधीच सोडायचं का, त्या पॅरोलची सुनावणी जवळ आली होती आणि ती घेणाऱ्या मंडळाने मिस ऑर्डेलांना त्यांचं म्हणणं विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर तो आतच राहिला असता, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "असली पोरं सराव करतात का?"

"काही करतात. नदीपलीकडच्या ओसाड कारखान्यात बाटल्या फोडतात. पण गोळ्या महाग, आणि आवाज झाला की पोलीस येतात. बहुतेकांचा सराव म्हणजे पिस्तूल कमरेला खोचून आरशात बघायचं, एवढाच."

"आणि पिस्तूल? ते तरी सरळ मारतं?"

"पिस्तूल सरळच मारतं. शिकंज्यात आवळून झाडलं तर गोळीमागे गोळी एकाच जागी लागते. वाकडा असतो तो हात. चाप ओढताना बोट जरा घाबरलं, की नळी केसभर हलते, आणि तिकडे पोचेपर्यंत त्या केसाची वीत होते. शिकलेले पोलीससुद्धा प्रसंगाला चुकतात."

"तुझ्या सांगण्यावर मी विश्वास ठेवणार नाही. लहानपणी तू फार खोटं बोलायचास."

मग मी त्यांना कान झाकायला दिलं, पिस्तूल कसं धरायचं ते दाखवलं आणि कोर्टात ऐकलेलं म्हणून त्यांनी सांगितलं तेवढ्या अंतरावर माणसाच्या आकृतीचा कागद टांगला. त्यांनी श्वास रोखून, सावकाश गोळ्या झाडल्या. दोन-तीन भोकं पडली, खाली कोपऱ्यात, पण पडली. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं.

"म्हणजे लागते," त्या म्हणाल्या.

"सावकाश मारली की लागते."

त्यांनी भोकं पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, "दुसरा कागद लाव. तो मारत होता तसं मारते."

आमच्याकडे भराभर झाडायला मनाई आहे. त्या सकाळी आत आम्ही दोघंच होतो, मी पाठीमागे उभा राहिलो आणि मनाई विसरलो. त्यांनी हात वर केला आणि एका दमात सगळ्या गोळ्या संपवल्या. मी कागद ओढून आणला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

मिस ऑर्डेलांनी तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग बाकावर बसल्या आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, टेरिलच्या मातीलाही त्या रडल्या नव्हत्या. मी आपला खाली पडलेली रिकामी काडतुसं गोळा करत राहिलो.

"त्याने मुद्दाम मारलं असतं ना वेंडेल," त्या म्हणाल्या, "तर निदान काही कारण तरी असतं. माझा मुलगा उगाचच गेला रे."

 त्यांनी त्या कोऱ्या कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

सुनावणीला मीच त्यांना गाडीतून नेलं. मंडळाचे लोक व्हिडिओच्या पडद्यावर होते, लमाँटही पडद्यावरच. तो केवढा जाड झाला होता आणि केस गेले होते. मिस ऑर्डेलांनी घडी उलगडून कागद समोर धरला.

"यावर मी गोळ्या झाडल्या. उजेड होता, माझ्यावर कोणी धावून येत नव्हतं, आणि शिकवणारा पाठीशी उभा होता. बघा."

"यात काय बघायचं, मॅडम?" एकाने विचारलं.

"तेच तर."

लमाँटने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. परतताना गाडीत म्हणाल्या, "सुटला तर सुटू दे. माझ्या दारात मात्र यायचं नाही." तो सुटला आणि ॲक्रनला मावशीकडे गेला.

तो गेला त्याच्या पुढच्या मंगळवारी मिस ऑर्डेला पुन्हा रेंजवर आल्या. या वेळी हातात डबा होता.

"पिस्तूल काढू?"

"नको. काल मीटलोफ केलं. जेवायला बसले, सवयीने 'लमाँट' म्हटलं, आणि पुढे काही सुचेचना. शिव्या तरी कशाबद्दल घालू? घास उतरेना. तू खा."

मी काउंटरवरच डबा उघडला. मीटलोफ, बटाटे, आणि वाटाणे. त्या समोर बसून बघत राहिल्या. मी बाकी सगळं खाल्लं आणि वाटाणे मुद्दाम तसेच ठेवले, म्हणजे शाळेतल्यासारखं मला तरी बोलतील, आणि त्यांना दिसतील असा डबा त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी वाटाण्यांकडे पाहिलं, झाकण लावलं, आणि मला न रागावताच त्या उठल्या.