आमेर्लेच्या कंबरेचं माप

घानातल्या आमच्या तेशीत कुणाला दिवस गेले, की सगळ्यांत आधी कळतं ते माझ्या टेपला. मग मला. नवऱ्याचा नंबर बराच खाली लागतो. एकतीस वर्षं समुद्राकाठच्या या गल्लीत मी बायकांचे सणाचे काबे, म्हणजे झगे, शिवतोय. कुठली कंबर कुठल्या साली किती होती, हे सगळं माझ्या वहीत आहे आणि वही माझ्या उशीखाली.

पण कळलं तरी बोलायचं नाही. पोटातलं मूल बाहेर येईपर्यंत त्याचा उच्चार करायचा नाही, ही आमची रीत. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, आणि तिकडे कोण कोण कान लावून बसलेलं असतं ते कुणी पाहिलंय? म्हणून नवव्या महिन्यातली बाई समोरून डुलत गेली तरी आम्ही तिला एवढंच विचारतो, आज ऊन जरा जास्तच आहे, नाही?

मेच्या अखेरीला आमेर्ले माप द्यायला आली. होमोवोचा सण ऑगस्टात, आणि यंदा अख्ख्या गल्लीने एकच कापड घेतलं होतं, निळ्यावर पांढरे मासे. कापडं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकीच्या कापडाच्या उलट बाजूला तिच्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालतो. आमेर्लेचा हिरवा. समोरच्या शोर्मेचा लाल. हे रंग गल्लीत पोराटोरांनाही पाठ आहेत.

मी टेप लावली. गेल्या साली चौतीस, आता सदतीस. काढली, झटकली, परत लावली. सदतीस.

"तुमची टेप आटलीय, मास्तर," आमेर्ले म्हणाली.

"हो," मी म्हणालो, "उन्हात राहिली होती परवा."

ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. दोघंही टेपकडे बघत राहिलो.

आमेर्ले मासे धुरवते. अंगणात मातीच्या तीन भट्ट्या, प्रत्येकीवर एकावर एक रचलेल्या तारेच्या जाळ्या, आणि त्यांच्यामधून फिरणारा तिचा आवाज. होडी वाळूला लागायच्या आधीच हिचा भाव तिथे पोचलेला असतो. तिचा नवरा बोर्टे त्याच होड्यांतल्या एकीवर आहे. आमच्याकडे पुरुष पुरुषांच्या घरात राहतात आणि बायका आपल्या आईच्या घरात. रात्रीचं जेवण पोरांच्या हाती जातं. आमेर्ले बोर्टेकडून मासळी घेते ती घासाघीस करूनच. एकदा तारलीच्या एका टोपल्यावरून तिने चाळीस माणसांदेखत त्याला चोर म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी भेंडीचं कालवण पाठवलं तेव्हा सगळ्यांत मोठा खेकडा वर ठेवला. संसार चांगला चाललाय.

तिला चार मुलं. धाकटा बारा वर्षांचा. स्वतः त्रेचाळीस. महिन्याची पाळी थांबली तेव्हा तिने समजूत करून घेतली, की झालं, आपलं दुकान बंद झालं. उलट जरा खूशच होती. तान्ह्यांना न्हाऊ घालायचं घमेलं तिने कधीच मासे धुवायला काढलं होतं. मग जूनमध्ये ती गुपचूप दवाखान्यात गेली. तिथल्या बाईने पोटावर हात ठेवला आणि चांगले तीन महिने झाल्याचं सांगितलं.

अडचण मुलाची नव्हती. अडचण महिन्यांची होती. थोरली देदे हिला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती, आणि ऑक्टोबरात फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाची. आमच्याकडे वर्षभर मासळी येते ती पोटापुरती. पैसा म्हणावा असा जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर, या तीन महिन्यांत, तारलीचे थवेच्या थवे किनाऱ्याशी येतात तेव्हा. त्या तीन महिन्यांत आमेर्ले पहाटेपासून भट्टीपुढे उभी राहिली तर देदे नर्स होणार. नाही राहिली तर देदेही भट्टीपुढे.

आणि नेमका तिला धूर सोसेना. मासे धुरवणारी बाई आणि मासळीच्या वासाने नाकाला फडकं लावतेय. गल्लीला कळायला आणखी काय लागतं? उच्चार करायचा नाही एवढीच रीत, बघायचं नाही असं कुठे आहे?

पहिली माझ्याकडे आली ती शोर्मे. आमेर्लेहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून सगळे तिला आवो म्हणजे आई म्हणतात. ती पण मासेच धुरवते. आमेर्लेच्या भट्टीचा धूर आपल्या खिडकीत येतो यावरून या दोघींचं सहा वर्षं भांडण चालू होतं. शोर्मेने स्वतःच्या कापडातून कापलेली वीतभर पट्टी माझ्या मेजावर टाकली आणि म्हणाली, "त्या भवानीचा काबा सैल ठेवा. हल्ली मक्याची केंकी फार खाते ती. आणि मी आले होते म्हणून सांगितलंत, तर तुमची कात्री समुद्रात टाकीन."

दुसरी आली दोन दिवसांनी. तिचं म्हणणं, हे कापड धुतल्यावर आकसतं. तिसरीने सांगितलं की अक्र्यात सध्या सैलच घालतात. अशा सात जणी आल्या, प्रत्येकीच्या हातात स्वतःच्या कापडाची पट्टी, प्रत्येकीची खात्री की ही युक्ती आपल्या एकटीलाच सुचली, आणि प्रत्येकीने मला वेगवेगळी शपथ घातली. सवयीने प्रत्येक पट्टीवर जिच्या-तिच्या रंगाचा टाका घालून मी त्या सात पट्ट्या आमेर्लेच्या काब्यात दोन्ही कुशींना, पाठीला, जिथे जागा मिळेल तिथे जोडत गेलो. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या बाह्या जरा आखूड का होत्या, ते फक्त मला माहीत आहे.

जुलै लागला आणि तारली आली. पहिल्याच दिवशी आमेर्ले भट्टीपुढे वाकली आणि तशीच मागे सरकून भिंतीला टेकली. समोरून शोर्मे आली, हातात स्वतःचं फडकं. बोलता तर येत नव्हतं. मग शोर्मेला जे येतं तेच तिने केलं, शिव्या द्यायला लागली. असले करपलेले मासे बाजारात गेले तर तेशीचं नाव बद्दू होईल, हो बाजूला, जाळी कशी उलटतात ते बघ, आईने काही शिकवलंच नाही वाटतं. असं म्हणत तिने तिन्ही भट्ट्यांवरच्या जाळ्या उलटल्या. दुसऱ्या दिवशी एकीला आमेर्लेच्या कुऱ्हाडीच्या आवाजाने डोकं दुखायला लागलं, म्हणून तिने आमेर्लेचं सरपण आपल्या घरी नेऊन फोडून आणलं. तिसरीला आमेर्लेची डोक्यावर टोपलं घेऊन चालण्याची ढब बघवत नव्हती. तिने टोपलंच हिसकावलं. रोज कुणी ना कुणी अंगणात येऊन तिचा पाणउतारा करायची आणि कामाचा एक तुकडा उचलून न्यायची.

आता हे सगळं गल्लीला कळत होतं. कळत नव्हतं ते एकट्या आमेर्लेला. आपण इतकी छान लपवलीय ही गोष्ट, असं तिला वाटत होतं. मग या बाया असं का वागतात? तिने एकच अर्थ लावला, की आपण जरा ढिल्या पडलो तर या आपला धंदा बळकावायला निघाल्या.

सणाच्या चार दिवस आधी ती काबा न्यायला आली ती पेटलेलीच. शोर्मे माझी गिऱ्हाइकं फोडतेय, माझा माल नेणारा कुमासीचा व्यापारी काल तिच्याशीच बोलत उभा होता, ही गल्ली मला उठवायला बसलीय, असं बरंच काही बोलली. मग स्टुलावर बसली. आवाज एकदम खाली आला.

"मला हे मूल नको होतं, मास्तर. देदेची फी गेली. माझ्या पोटानेच खाल्ली ती."

मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं असं कुणी मोठ्याने बोललेलं. माझे पाय आपोआप मशिनवर गेले. कापड नव्हतं, दोरा नव्हता, नुसती सुई वरखाली, खडखड खडखड, म्हणजे तो शब्द दाराबाहेर वाऱ्याला ऐकू जाऊ नये. ती रडली तेवढा वेळ मी रिकामं मशिन चालवलं. मग थांबलो आणि काबा पुढे केला.

ती पडद्याआड गेली. मग तिथूनच म्हणाली, "हा काबा माझा नाही. यात दोघी मावतील."

मला बोलता येत नव्हतं, रीतच तशी. आणि सात शपथा वेगळ्या.

"आणि हे जोड कसले? माझं कापड तर पुरेसं होतं."

"जोड उलट्या बाजूने बघावेत," मी म्हणालो. शपथेत एवढं बसत होतं.

तिने काबा उतरवून उलटा केला असणार. माझ्या दुकानात पडद्याच्या खाली दीड हात जागा मोकळी आहे, तिथून तिचे पाय दिसत होते. पाय हलेनात. आतून ती एकेक रंग हळूहळू मोजत होती, हिरव्यानंतर पिवळा, जांभळा, काळा, पांढरा, नारिंगी, तपकिरी. मग थांबली. सातव्या पट्टीवरचा टाका लाल होता.

"लाल," ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी बारीक आवाजात, "लाल?"

एकतीस वर्षांत मी या पडद्याआडून हसणं ऐकलंय, कुरकुर ऐकलीय, एकदा एका नवरीचं बेशुद्ध पडणंही ऐकलंय. पण इतकी शांतता नाही ऐकली. देवळात गेल्यावर माणूस जसा चपला काढून उभा राहतो, तशी ती स्वतःच्याच कापडापुढे उभी होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "कुमासीच्या व्यापाऱ्याला विचारून येते."

विचारून आली. शोर्मे त्याच्याशी जे बोलली होती ते असं, की समोरच्या अंगणातला माल आधी उचल, माझा नंतर. आमेर्लेच्या कोठीत गेल्या साली या वेळेला जेवढ्या टोपल्या होत्या, त्याहून दोन जास्तच निघाल्या. तिच्या मासळीतलं एक शेपूटसुद्धा कुणी नेलं नव्हतं.

सणाला ती तो काबा घालून निघाली. भुकेला हिणवायचा आमचा हा सण, घराघरांतून मक्याच्या पिठाचं क्पोक्पोई वाटत लोक फिरत असतात. शोर्मे दारात उभी होती. आमेर्ले तिच्यासमोर जाऊन थांबली.

"आवो," आमेर्ले म्हणाली, "तुमच्या खिडकीत माझा धूर फार येतो का हो?"

"येतो तर," शोर्मे म्हणाली. "येऊ दे. मला सवय झालीय."

ऑक्टोबरात देदे ट्रंक घेऊन कॉलेजला गेली. डिसेंबरात मुलगी झाली.

आठव्या दिवशी पहाटे मूल पहिल्यांदा घराबाहेर आणायचं, उघड्यावर जमिनीवर ठेवायचं आणि छपरावर पाणी फेकायचं, म्हणजे ते त्याच्या अंगावर पावसासारखं पडतं. जिच्या हातून हे होतं, तिचा स्वभाव मुलाला लागतो अशी आमची समजूत. म्हणून माणसं त्यासाठी गल्लीतली सगळ्यांत गोड बाई शोधतात. आमेर्लेने शोर्मेला बोलावलं. बोर्टेच्या घरची म्हातारी माणसं चपापली. एका अंगणात असे दोन आवाज, आणि आता तिसरा?

आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत अंधारात उभे होतो. देदे रात्रीच्या गाडीने आली होती. शोर्मेने ते नागडं, मुठीएवढं प्रकरण जमिनीवर ठेवलं आणि पाणी फेकलं. पत्र्यावरून थेंब ओघळले. तिसऱ्यांदा फेकलं तेव्हा एक थेंब नेमका कपाळावर पडला. पोरीने डोळे उघडले. रडली नाही. वर, ज्या काळ्या आभाळातून हे आलं असं तिला वाटलं असेल, तिकडे बघत राहिली.

सात महिने जिचं नाव कुणी काढलं नव्हतं, जिच्यासाठी सात जणींनी बाह्या आखूड केल्या होत्या आणि सहा वर्षांचं भांडण मोडलं होतं, ती ही. केवढीशी. मी कितीतरी कंबरा मोजल्या, पण त्यांच्या आत हे असतं हे मला त्या पहाटे पहिल्यांदा कळलं. माझ्या खिशात टेप होती. बाहेर काढायचं धाडस झालं नाही.

मग पोरीने तोंड उघडलं आणि असा आवाज लावला, की किनाऱ्यावरच्या होडीतले लोक वळून बघायला लागले.

"लागला स्वभाव," शोर्मे म्हणाली, आणि तिला उचलून आपल्या काब्याच्या घेरात गुंडाळलं.