देवाचा दिवा आणि पडद्यावरचं गवत

काकांच्या घरी आवाज मोजतात, पण आवाज येत नाही. हे कोडं मला बरेच महिने सुटलं नव्हतं.

रोह्याजवळ वरसे गावात त्यांच्याकडे मी झाडू-लादी, भांडी आणि दुपारचा स्वयंपाक करते. काका कंपनीतून रिटायर झाले तेव्हापासून लोक त्यांच्याकडे महागातले ॲम्प्लिफायर तपासायला पाठवतात. ॲम्प्लिफायर म्हणजे गाणं मोठं करणारी पेटी. मला वाटायचं, ते गाणी लावून ऐकत असतील आणि मग चांगलं-वाईट सांगत असतील. पण पेटीला स्पीकर जोडतच नाहीत. त्या जागी एक जाडजूड धातूचा ठोकळा जोडतात. मोजायचं यंत्र एका बाजूने पेटीत एकच सूर सोडतं, दुसऱ्या बाजूने तोच परत घेतं आणि बघतं, पेटीने स्वतःचं काही मिसळलं का. खोली चिडीचूप. ठोकळा मात्र तापतो. एकदा पुसताना माझी बोटं भाजली तेव्हा काका म्हणाले, "अगं, तो सगळा आवाज आहे. बाहेर पडायला वाट नाही म्हणून गरम झालाय."

विचारायला मला जमत नाही. म्हणून मी हातात फडकं घेऊन दारात उभी राहते आणि बघते. पडद्यावर एक उंच काठी असते, तो सूर. तिच्या पायाशी बारीक गवत, ते पेटीचं स्वतःचं. गवत जितकं खाली तितकी पेटी चांगली. दुसऱ्या जातीची एक पेटी येते, ती आकड्यांचं गाणं करते. मोबाइलमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात म्हणे. काकांनी एकदा पडद्यावर तेच आकडे ठिपके करून आणि त्यांच्यातून गेलेली रेघ दाखवली. मी मनात म्हटलं, ही तर रांगोळी. ठिपके सगळ्यांचे सारखे, रेघ ओढताना हात कळतो.

गणपती झाल्यावर पेणहून एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील. घरचा मूर्तींचा कारखाना, त्याच्याच एका कोपऱ्यात ते ॲम्प्लिफायर बनवतात. नखांच्या कडेला अजून पांढरी माती होती. पेटी मांडीवर घेऊन एसटीने आले होते. दोन वर्षं त्या एका पेटीवर घालवलेली. मुंबईच्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की काकांचा मोजणीचा कागद चांगला आला तर माल ठेवतो, नाहीतर पुन्हा येऊ नका.

काकांनी पेटी जोडली आणि गवत गुडघ्याएवढं वर आलं. वर येऊन हलायलाही लागलं.

काकांनी मला फ्रिज बंद करायला लावला, मग पाण्याचा पंप, मग पंखे. मोबाइल ओट्यावर नेऊन ठेवले. वायरी बदलल्या. गवत तसंच.

"आत काहीतरी ढिलं राहिलंय तुमचं," काका म्हणाले.

"घरी तर एकदम शांत होता हो. कान लावून बघितला."

"हे कानाला नाही कळत."

"मग इथे येऊन बिघडला काय? रोह्याची हवा लागली?"

"पेणकरांना दुसऱ्याची हवाच दिसते," काका म्हणाले, पण हसले नाहीत.

गृहस्थांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. म्हणाले, वीज घेणारा सगळा भाग उपटतो, घरी जाऊन नव्याने करतो.

मी दारातच होते. पंखे बंद, मग हे गवत कुठल्या वाऱ्याने हलतंय, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. दोनदा उंच, एकदा ठेंगणं, पुन्हा दोनदा उंच. मी मान वळवली. दाराच्या या बाजूला देव्हारा आहे. त्यातल्या विजेच्या दिव्याची खोटी ज्योत फडफडत होती. दोनदा मोठी, एकदा बारीक. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुन्हा इकडे. चाल एकच होती. काकांची पाठ देवाकडे, त्यांना ती दिसायची सोय नव्हती.

आणि तो दिवा काकांच्या खोलीतल्या विजेच्या बोर्डात मीच लावला होता.

काकी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यात. जाताना म्हणाल्या, "दिवा विझू देऊ नको गो. सासूबाईंपासून कधी विझला नाय." पण लाइट गेली की तो दिवा जायचा. काकी असताना तेवढ्या वेळापुरतं निरांजन लावायच्या. मी तर दुपारनंतर नसते. काकांच्या खोलीतल्या बोर्डाला मोठी बॅटरी आहे, तिथली वीज कधीच जात नाही. म्हणून आठ दिवसांपूर्वी मी दिव्याची वायर कपाटामागून नेऊन तिथे खोचली. त्या आठवड्यात मोजायला काही आलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. आणि काकांनी मला एकच गोष्ट बजावलेली, त्या बोर्डाला हात लावायचा नाही.

पहिला स्क्रू निघाला. मला 'थांबा' म्हणायचं होतं, पण आवाज फुटला नाही. मग मी देव्हाऱ्याकडे गेले, निरांजनात तेल घातलं, वात लावली. ज्योत धरली तशी कपाटामागे हात घातला आणि पिन उपटली.

"अरे!" काका ओरडले. "गवत बसलं! कोणी काय केलं?"

"दिवा काढला."

"कुठला दिवा?"

"देवाचा. तुमच्या बोर्डात होता. मी लावलेला."

काका माझ्याकडे बघत राहिले. उद्यापासून यायचं नाही, असंच मी धरून चालले.

"परत लाव," ते म्हणाले. लावला. गवत उठून नाचायला लागलं. "काढ." काढला. तीनदा झालं. मग गृहस्थ उठून स्वतः कपाटामागे वाकले. "ताई, मला एकदा करू द्या."

"पुरे हो," काका म्हणाले, "देवाला चक्कर येईल." मग माझ्याकडे वळले. "बोर्डाला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"व्हय."

"मग?"

"काकींनी सांगितलेलं, विझू देऊ नको."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "तिच्या हुकमापुढे माझा बोर्ड काय."

स्क्रू परत बसला. मोजणी पहिल्यापासून झाली. त्या पेटीचं गवत इतकं खाली गेलं की काका खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. गृहस्थ नखातली माती काढत बसले.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत प्रश्न विचारला. "तेलाच्या दिव्याचं गवत असतं काय?"

काका म्हणाले, "आण इकडे. बघू."

मी निरांजन पेटीजवळ धरलं. ज्योत माझ्या श्वासाने हलत होती. पडद्यावर काहीच हललं नाही. आम्ही तिघं बराच वेळ बघत होतो.

कागदात काकांनी लिहिलं, पहिल्या मोजणीत देवाचा दिवा मिसळला होता. गृहस्थांनी तो कागद पेटीवर न ठेवता शर्टाच्या आत ठेवला आणि एसटी पकडायला गेले.

संध्याकाळी माझ्या घरी काकींचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. दिवा विझवला हेही. काकींनी विचारलं,

"निरांजन आधी लावलंस की नंतर?"

"आधी."

"मग विझला कुठे गो?" त्या म्हणाल्या, आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला.