काही ओढायचं नाही

दातांच्या दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टरीणबाई दात काढायच्या आणि काढल्यानंतर काय करायचं, काय टाळायचं, ते सांगणं ताईच्या वाट्याला यायचं. अकरा वर्षांत ते इतकं पाठ झालं होतं की मध्ये श्वास घ्यायचीही गरज उरली नव्हती. "कापूस तासभर दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, काही ओढायचं नाही, गरम नको, कोमट चालेल." गालात बोळा धरलेला माणूस काय शंका विचारणार, कपाळ? तो मान डोलवायचा आणि ताई पुढच्याला हाक मारायची.

यामागचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. दात निघाला की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती जखमेवरचं झाकणच असते. पहिले काही दिवस तोंडानं जोर करून काही ओढलं किंवा थुंकलं तर ती निसटते, खड्डा कोरडा पडतो आणि खालचं हाड उघडं होतं. मग अशी कळ सुटते की दात होता तोच बरा होता असं वाटावं.

तिचे वडील एका चहाच्या कंपनीत चहा चाखायचे. लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असत. चहा कोमट झाला की चमचाभर उचलायचा, जोरात भुरका मारायचा, जिभेवरून फिरवायचा आणि शेजारच्या पिंपात टाकायचा. दिवसाला साठ-सत्तर वाट्या. घरीही तोच भुरका. आई म्हणायची, "अहो, शेजाऱ्यांना वाटतं आपल्याकडे नळ दुरुस्त होतोय." एका भुरक्यात ते सांगायचे की भांडं नीट विसळलेलं नाही, आणि ते खरं निघायचं. कंपनीत त्यांना जीभकाका म्हणत.

जीभकाका महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. त्याआधीच्या सोमवारी कंपनीच्या चहाचं वर्षभराचं मिश्रण ठरणार होतं. सव्वीस वर्षं ते त्यांनीच ठरवलं होतं आणि हे शेवटचंही आपणच ठरवायचं, एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती. नेमकी तेव्हाच खालची अक्कलदाढ ठणकायला लागली. ऐन सोमवारी दगा नको म्हणून त्यांनी ती आधीच्या मंगळवारी काढून घेतली.

"तुझ्या वडिलांना तूच सांग हं सगळं," असं म्हणून डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या. ताईनं काय केलं? घरचाच पेशंट म्हणून छापील कागदसुद्धा दिला नाही. "बाबा, तुम्हाला काय वेगळं सांगायचं? थुंकायचं नाही, काही ओढायचं नाही, गरम नको, कोमट चालेल."

"मी जन्मात कधी विडी ओढलीये का?" बोळ्याआडून बाबा म्हणाले. दोघंही हसली. ते हसणं पुढे तिला फार महाग पडलं.

बुधवारी बाबा कामावर गेले. बसूनच तर करायचं काम, असं आईला सांगून गेले. ताई त्याआधीच दवाखान्यात पोचली होती. शुक्रवारी दुपारी ते कानशील धरून दवाखान्यात आले, डोळ्यांत पाणी. तोंड उघडलं तर खड्डा रिकामा आणि आत पांढरं हाड.

"काही ओढलंत का?"

"नाही गं."

"थुंकलात?"

"मी काय रस्त्यावर थुंकणारा माणूस आहे का?"

"मग कामावर काय केलंत दोन दिवस?"

"काय करणार? चहा चाखला. कोमटच, तू म्हणालीस तसा."

आता कुठे ताईच्या लक्षात आलं. बाबांच्या लेखी ओढतात ती विडी, चहाचा मारतात तो भुरका. आणि चाखणाऱ्यांच्या बोलण्यात थुंकणं नसतंच, ते घोट टाकतात. या माणसानं तिचा शब्द न् शब्द पाळला होता. शंभरच्या वर भुरके मारून पाळला होता. आणि ती? ज्या भुरक्याच्या आवाजात ती लहानाची मोठी झाली, तोच तिला आठवला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाची औषधी पट्टी आत बसवली. अर्ध्या तासात कळ ओसरली. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा नव्हता. "ही लवंगेची चव सोमवारपर्यंत जाईल?"

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. "पट्टी दर दोन दिवसांनी बदलावी लागेल, काका. भुरका तर इतक्यात नकोच."

सोमवारी ते गेले. टेबलाशी बसून पहिली वाटी ओठांना लावून हळूच घेतली. लवंग. दुसरीलाही लवंग, तिसरीलाही लवंग. त्यांनी चमचा रुमालानं पुसून खाली ठेवला. नऊ वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसणाऱ्या सहकाऱ्यानं मिश्रण ठरवलं आणि आदरानं वाटी पुढे केली. "छान झालंय," बाबा म्हणाले. न कळलेल्या चहाला आपण आयुष्यात पहिल्यांदा छान म्हणालो, हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा ताईला त्यांच्याकडे बघवेना.

आता ती प्रत्येक पेशंटला आधी विचारते, "तुम्ही काम काय करता?" काहींना ती भोचक वाटते. वाटू दे. फुगे फुगवून विकणाऱ्याला ती फुगे नको म्हणून सांगते, बासरी शिकवणाऱ्या बाईंना बासरी बंद म्हणते. सांगताना श्वास घेते. पण ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगायचं राहूनच गेलं, ही टोचणी काही जात नाही.

महिन्याभरात खड्डा भरून आला. चवही परतली, फक्त टेबल राहिलं नव्हतं. एका रविवारी सकाळी तिनं बाबांपुढे चहाचा कप ठेवला. भांडं मुद्दामच धड विसळलं नव्हतं. बाबांनी आवाज न करता एक घोट घेतला, मग दुसरा.

"बाबा, आता भुरका मारला तरी चालेल."

"माहितीये."

"मग?"

"इतकी वर्षं टाकतच आलो," बाबा म्हणाले. "आता गिळायची सवय करतोय."

त्यांनी कप रिकामा करून तिच्या हातात दिला. भांड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.