बायकोचं न्यूयॉर्क आणि माझ्या एक्केचाळीस सूचना

मी अमेरिकेला एकदाही गेलेलो नाही. पण न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याने कसं वागावं, यावर मी सौदीतल्या दम्माममध्ये दीड तास भाषण केलेलं आहे. (दोघांनी लिहूनही घेतलं.)

त्याचं असं झालं. माझी बायको शबाना इथल्या एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवते. एका संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि आज भात टाकू की रोटी, हे विचारावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, शिक्षकांच्या शिबिरासाठी माझी निवड झालीय. दहा दिवस. न्यूयॉर्कला."

मी "मुबारक" म्हणालो. तोंडाने म्हणालो, पोटात मात्र भडका उडाला होता.

का उडू नये? मी अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर एकोणीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. दापोलीजवळच्या आमच्या गावात परदेशाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. विमानात खिडकी कशी मागायची, इमिग्रेशनच्या रांगेत चेहरा कसा ठेवायचा, हे सांगण्याचा हक्क माझा. शबानाला या देशात आणलं मी. तिच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, आजही माझं नाव आहे. आणि ती बाई माझ्याआधी अमेरिकेला! तिच्या व्हिसाच्या मुलाखतीला मीच गाडीने नेलं, बाहेर एसी लावून बसलो, आणि खोटं कशाला सांगू, तिला व्हिसा मिळू नये असं मला दोनदा वाटलं. (तीनदा.)

मिळाला. हसत हसत बाहेर आली.

आता जळणाऱ्या माणसाने करायचं काय? मी सल्ले द्यायला लागलो. अबकैकच्या बसमध्ये जाता-येता मोबाईलवर न्यूयॉर्कचे व्हिडिओ बघायचे आणि घरी आल्यावर ओतायचे. वहीत क्रमांक घालून एक्केचाळीस सूचना लिहिल्या.

"हे बघ, उंच इमारत बघायला फुटपाथच्या मध्ये थांबायचं नाही. मागचा माणूस येऊन आदळतो."

"बरं."

"सबवेत सगळी गाडी भरलेली आणि एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढायचं नाही. रिकामा असायला काहीतरी कारण असतं. हॉटेलात बिलावर वीस टक्के बक्षिसी. टाइम्स स्क्वेअरला कार्टूनचा वेश घातलेला माणूस गळ्यात पडला तर फोटो काढायचा नाही, तो पैसे मागतो. लिबर्टीचा पुतळा बघायला बोटीचं तिकीट काढू नको, स्टेटन आयलंडची फेरी फुकट असते, उजवीकडे उभं राहायचं. आणि जुने बूट ने, तिथे माणसं चालतात!"

शबानाने कणीक मळता मळता मान वर केली. "अहो, तुम्ही कधी गेला होता?"

एवढंच बोलली. आमची चौदा वर्षांची झोया सोफ्यावरून म्हणाली, "बर्न!" (म्हणजे बापाला चटका बसला; हे मुलांच्या शाळेत शिकवतात की काय, देव जाणे.) मी वही मिटली. ज्या घरात ज्ञानाची किंमत नाही तिथे ते वाटायचं कशाला?

म्हणून मी ते शुक्रवारी मंडळात वाटलं. आमचं मंडळ म्हणजे जुम्म्याच्या नमाजनंतर लतीफचाचांच्या फ्लॅटवर जेवायला जमणारी कोकणातली नऊ-दहा माणसं. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी रिगर. बहुतेक कंपनीच्या कॅम्पात एकटे राहणारे. बिर्याणी झाल्यावर मी सहज विषय काढला, "न्यूयॉर्कला पहिल्यांदा जाताना काय काळजी घ्यावी, माहीत आहे का?" आणि सुरू झालो ते दीड तास. माणसं हातातली हाडं तशीच धरून ऐकत होती. एकोणीस वर्षांत माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

भाषण संपलं. लतीफचाचा उठले आणि त्यांनी मला कवटाळलं. "मुश्ताक! शाबास रे पोरा! आपल्यातला पयला मानूस न्यूयॉर्कला चाललाय! कंदी निघतंस?"

मी नाही, माझी बायको चाललीय, हे सांगायला मला पुरते चार सेकंद मिळाले होते. माणूस चार सेकंदांत बरंच बोलू शकतो. मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी सकाळी."

आता आखातात राहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. इथून कुणी निघालं की बाकीच्यांनी त्याच्या हातात सामान द्यायचं, ही आमची रीत आहे. गावी जाणाऱ्याच्या स्वतःच्या कपड्यांना बॅगेत जागा उरली, तर त्याने माणसं जोडली नाहीत असं समजतात. आणि मी तर न्यूयॉर्कला चाललो होतो!

"आमचा फरीद जर्सीला हाय. न्यूयॉर्कला चिकटूनच," लतीफचाचा म्हणाले आणि पाच किलो खजुरांचा डबा घेऊन आले. फिटर अन्वरच्या मेव्हणीसाठी अत्तर आणि बखूर, म्हणजे इथला धूप. कुणाच्या मावसभावासाठी प्रेशर कुकर. ("अमेरिकेत भेटतात रे, पन त्यांची शिटी बरोबर नाय.") हे सगळं दोन पुठ्ठ्याच्या कार्टनमध्ये भरून गुहागरच्या हमीदने दोरीने बांधलं. हमीद प्लांटवर रिगर आहे, चाळीस टनांचे पाइप बांधतो. त्याने गाठ मारली आणि अभिमानाने सांगितलं, "मुश्ताकभाई, ह्यो क्रेनने उचला. सुटला तर नाव बदलीन." मग चारी बाजूंनी जाड मार्करने माझं नाव आणि खाली "न्यूयॉर्क" लिहिलं.

ते वाचून मला इतकं बरं वाटलं की मी फोटो काढला.

कार्टन घरी आणल्यावर शबाना बघतच राहिली. "हे काय? आणि यावर तुमचं नाव का?"

"लोकांचं प्रेम आहे. तू चाललीस म्हणून दिलं. नाव... घरच्या कर्त्याचं घालतात."

तिचे डोळे पाणावले. "मंडळातल्या माणसांना माझं एवढं कौतुक आहे?"

"फार," मी म्हणालो. तेव्हा मला माझी लाज वाटली, पण थोडीच. झोया मात्र कार्टनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "अब्बू, यू आर हायडिंग समथिंग."

शनिवारी मंडळ विमानतळावर येऊ नये म्हणून मी तीन दिवस खटपट केली. गर्दी असते म्हटलं, पार्किंग मिळत नाही म्हटलं. ते तीन गाड्या भरून आले. माझा बेत सोपा होता: शबाना आणि झोया सामान घेऊन पुढे जातील, मी दारातच सगळ्यांचा निरोप घेईन, आत शिरेन आणि मंडळ पांगेपर्यंत एखाद्या खांबाआड उभा राहीन. पुढचे दहा दिवस लपायचं कुठे, याचा विचार मी केला नव्हता. बेत एका वेळी एकच करावा.

"भाभी कुठं गेली?" अन्वरने विचारलं.

"बॅगा टाकायला. तिला त्याची सवय आहे."

पण मंडळ दारात थांबेना. सगळे माझ्याबरोबर आत आले. हमीदने केरळी दुकानातून मागवलेला खऱ्या मोगऱ्याचा हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. दम्माममध्ये मोगरा! लतीफचाचांनी डोक्यावर हात ठेवून दुआ केली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी प्रत्येकाबरोबर फोटो काढून घेतले, माझ्याच मोबाईलवर, उभे आणि आडवे. एक व्हिडिओही झाला. त्यात मी "पोचल्यावर फोन करतो" असं म्हणतोय.

तेवढ्यात समोरून शबाना पळत आली. एक कार्टन वजनात न बसल्याने परत आलं होतं, ते ट्रॉलीवर घालून मागून झोया येत होती. शबानाच्या हातात पासपोर्ट होता आणि चेहरा पांढराफटक.

"अहो! पासपोर्टवाला सोडत नाही! 'माफी ताशीरा', परवानाच नाही म्हणतोय! तुम्ही माझा एक्झिट री-एंट्री काढलाच नाहीत?"

इथे एक सांगायला हवं. इथल्या नोकरदाराच्या बायकोला देशाबाहेर जायचं असेल, तर नवऱ्याने सरकारी ॲपवरून तिच्या नावाने जायचा-यायचा परवाना काढावा लागतो. पाच मिनिटांचं काम. तिच्या सगळ्या प्रवासात माझ्याकडे असलेलं एकमेव काम! मी स्टेटन आयलंडच्या फेरीत कुठल्या बाजूला उभं राहायचं ते पाठ केलं होतं, आणि हे विसरलो होतो.

शबाना माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघत होती.

"म्हंजे..." लतीफचाचा सावकाश म्हणाले, "भाभी चाललीय?"

"गेट चाळीस मिनिटांत बंद होणार," शबाना म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "खरं सांगा. विसरलात, की मुद्दाम?"

तो प्रश्न मला लागला, कारण गेले तीन आठवडे मी ज्या तऱ्हेने वागत होतो, ते बघता तो चुकीचा नव्हता. "विसरलो, शबाना. आईशप्पथ विसरलो. जळत होतो, पण विसरलो." हे मी नऊ माणसांसमोर बोललो. आवाज बारीक ठेवायचं सुचलं नाही.

मोबाईल काढला. बॅटरी दोन टक्के! सकाळपासून स्वतःचेच फोटो काढले होते. ॲप उघडलं, पासवर्ड घातला आणि स्क्रीन काळी झाली.

"माझा घ्या!" शबानाने तिचा पुढे केला. पण कोड येणार माझ्याच नंबरवर. पॉवर बँक कुणाकडे आहे? अन्वरकडे होती. कुठे? भाच्याला भेट म्हणून या परत आलेल्या कार्टनमध्ये घातली होती.

हमीदने गाठीला हात घातला. सुटेना. दातांनी ओढली. सुटेना. कात्री विमानतळावर कुणाकडे असणार? लतीफचाचा ओरडले, "अरे, तूच बांदलंस ना?"

"चाचा, सुटायला नाय बांदली!" हमीद रडवेला झाला होता.

शेवटी झोयाने कार्टन उलटं केलं आणि खालचा पुठ्ठा लाथेने फोडला. आधी सुके बोंबील आले. मग कुळथाचं पीठ, मग आणखी बोंबील, आणि सगळ्यात खाली पॉवर बँक. एक गार्ड नाक दाबून "यल्ला, यल्ला" करत होता. मी मोगऱ्याचा हार गळ्यात घालून, बोंबलांच्या ढिगात मांडी ठोकून परवाना काढला. लवकर व्हावं, लवकर व्हावं, एवढंच मनात होतं. तिचं विमान चुकलं असतं तर मला पुढची एकोणीस वर्षं त्या घरात तोंड दाखवता आलं नसतं.

"झाला! पळ!"

शबाना निघणार, तोच लतीफचाचांनी माझ्या गळ्यातला हार काढायला हात घातला. "हा पोरीचा हाय." मी मान मागे घेतली असं झोया सगळ्यांना सांगते. (घेतली होती.) हार शबानाच्या गळ्यात गेला, मंडळाने टाळ्या वाजवल्या, आणि ती धावत आत गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी आणि झोया दोघंच होतो. बोंबलांचा वास तेवढा सोबतीला होता. अर्ध्या वाटेत झोयाचा फोन वाजला. शबानाचा निरोप होता: शेवटची पोचले, माझी सीट दुसऱ्याला देऊन टाकली होती, म्हणून पुढे बसवलं.

"पुढे म्हणजे?" मी विचारलं.

झोयाने फोटो दाखवला. सीट पलंगाएवढी. पाय पसरलेले. हातात सरबताचा पेला, गळ्यात मोगरा.

"बिझनेस क्लास, अब्बू."

मी गाडी बाजूला घेतली. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी बायकोला एकदाही बिझनेस क्लासने फिरवलेलं नाही. तिच्यावर जळून जळून मी तिचं जे एकमेव काम विसरलो, त्याच्यामुळे ती तिथे बसली होती. आणि आता मी त्या सीटवरही जळत होतो!