तिच्या लग्नात आमटी वाढली

दोस्तांनो, आत्ताच मांडवातून घरी आलोय. शर्टावर आमटीचे डाग तसेच आहेत.

कॉलेजपासून जिला जीव लावला, तिचं आज लग्न होतं. आष्ट्याजवळचं आमचं गाव लहान. गल्लीत लग्न असलं की वाढायला गल्लीतलीच पोरं लागतात. मी गेलो नसतो, तर ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं असतं.

माझा मित्र सुन्या म्हणाला, "गड्या, तू नको येऊस. उसाला पाणी पाजायला गेलाय म्हणून सांगतो."

मी आमटीची बादलीच उचलली.

नवरदेवाच्या पानाशी आलो. विचारलं, "पाव्हणं, वाढू का अजून?" आवाज कापला नाही. तो म्हणाला, "वाढा की, लय झ्याक झालीया!" शेजारी ती बसली होती. तिलाही वाढलं आणि पुढच्या पानाकडे सरकलो.

शेवटी आम्हा वाढप्यांची पंगत बसली. तिचं लग्न ठरल्यापासून माझ्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. सुन्यानं बिचकतच थोडा भात वाढला आणि विचारलं, "बास का रं?"

"बास कशाला? पातेलंच आण हिकडं!"

तुमाला जेवण परत गोड कवा लागलं, सांगा की!