तुतीवरची भुरी

दुधी चिरताना येणारा कच्चा वास मला सोसत नाही, हे घरी ठाऊक आहे. त्याचं कारण मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. महाळुंग्याला आमच्या कंपनीच्या कुंपणावर शेजारच्या मावशींचा दुधीचा वेल चढला होता. थंडीत कँटीनपुढच्या तुतीवर भुरी, म्हणजे भुकटीसारखी पांढरी बुरशी पडली, तशीच ती वेलावरही दिसली, आणि मी सरळ म्हणालो, "मावशी, हा रोग तुमच्या वेलावरूनच आलाय." "साहेब, दोन्हीकडं आलीया, मग माझ्याच येलाचं नाव का?" एवढंच त्या बोलल्या. मग "तुमी शिकल्याली माणसं, तुमाला कळतंय," असं म्हणून त्यांनी वेल स्वतःच उपटला, कोवळ्या दुधींसकट. दुपारी, धातूचे तुकडे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी सहज दोन्ही पानं ठेवून पाहिली. दुधीच्या पानावर नुसत्या मण्यांच्या माळा होत्या. तुतीच्या पानामागे मात्र काळसर गोळे होते, प्रत्येकाभोवती काचेसारख्या सुया आणि सुईच्या बुडाशी फुगा. दिव्याच्या उबेनं त्या सुया हळूहळू खाली वाकल्या आणि गोळा पानावरून उचलला जाऊन त्यांच्यावर उभा राहिला. शिफ्टचा भोंगा झाला तरी माझा डोळा तिथून निघेना. राजगुरुनगरला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला फोन केला, तर तो हसला. "राव, त्या सुयांवरूनच बुरशीचं कूळ ओळखतात. ही दोन घराणी कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झालीत, एक बुरशी दुसरीच्या झाडावर जगतच नाही." चिमूटभर पांढऱ्या भुकटीत एवढा काळ मावला होता, आणि मी एका नजरेत निकाल दिला होता. मावशी अजून गेटपाशी भेटतात, हसून विचारपूस करतात. वेलाचा काही दोष नव्हता, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलेलंच आहे.