पंचविसावी खुर्ची

माझ्या दुकानाच्या वर काकूंचा हॉल आहे. हॉल आपला म्हणायला. चाळीस माणसं आत गेली की एकेचाळिसाव्याला जिन्यात उभं राहावं लागतं. मी खाली शिवणकाम करते आणि त्यांच्या खुर्च्यांचे अभ्रेही शिवते, त्यामुळे वर कुणाचं लग्न ठरतंय ते मला जरा आधीच कळतं. भोचक म्हणा हवं तर. पण लोक छोटं लग्न का करतात, याचं मला भारी कुतूहल आहे. मोठ्या लग्नात गर्दीत सगळं झाकून जातं. छोट्यात कोण आलं नाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

काकू तेवीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होत्या. तिथे प्रत्येक खाटेचं कार्ड असे: मीठ नको, पातळ द्या, दात नाहीत. ती सवय काही सुटली नाही. लग्न ठरवायला आलेल्यांना त्या आधी पदार्थ विचारतच नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड लिहायला लावतात: काय चालत नाही, काय आवडतं, किती वेळ बसवतं. त्यावरून जेवण टेबलावर बसून, की हातात ताटली घेऊन हिंडत, की नुसता चहा आणि केक, हे ठरतं. तेसुद्धा आदल्या दिवसापर्यंत बदलू देतात. बोलता बोलता पाहुण्यांना पेशंट म्हणतात, तेवढं सोडलं तर कुणाची तक्रार नाही.

मागे एकदा घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आणि लायब्ररीतल्या बाई आल्या. दोघंही पन्नाशी ओलांडलेली. काकांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, बाईंचं हे पहिलंच लग्न. मी अभ्र्यांचं माप घ्यायच्या निमित्ताने गळ्यात टेप अडकवून वर गेले आणि तिथेच रेंगाळले. काकांनी चोवीस कार्डं भराभर लिहिली. पंचविसाव्याला हात थांबला. ते त्यांच्या मुलीचं होतं. लग्नाचं कळल्यापासून, म्हणजे चार महिने, ती त्यांच्याशी बोलली नव्हती. बोलावणं गेलं होतं, उत्तर आलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं: टोमॅटोच्या बिया काढून.

"येईल ना हो ती?" त्यांनी काकूंनाच विचारलं.

काकांना सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायला हवं होतं. ते जिना उतरल्यावर बाई मागे थांबल्या. मुलगी आली नाही तर तिची रिकामी खुर्ची जेवणभर काकांच्या समोर राहील, त्यांना घास गिळवणार नाही, असं त्या म्हणाल्या. काकूंनी लगेच तोड काढली. उभ्याने जेवण. खुर्च्याच नसल्या तर रिकामी खुर्ची दिसणार कुठून? मला तेव्हा काकूंचं फार कौतुक वाटलं. त्या सगळ्या खुर्च्या माझ्या दुकानात येऊन पडणार हे कळल्यावर जरा कमी वाटलं.

लग्नाच्या दिवशी काका सकाळी नऊलाच हजर. अकराला नोंदणी होती. त्याआधी ते काकूंच्या स्वयंपाकघरात बसले, घड्याळाचा चिमटा पाण्यात उकळून घेतला आणि डोळ्याला भिंग लावून चार टोमॅटोंच्या बिया एकेक करून काढल्या. सुरीने दोन मिनिटांत झालं असतं.

दीड वाजता वर जेवण चाललेलं. दुकान उघडंच राहिलंय हे आठवून मी खाली आले, तर दारात एक मुलगी उभी, आतल्या खुर्च्यांकडे पाहत. काकांचंच नाक.

"लग्न वर आहे ना? मग खुर्च्या इथे कशा?"

माझ्या जिभेला हाड नाही. मी खरं ते सांगून टाकलं, की तू आली नाहीस तर तुझी रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून सगळ्याच काढल्या.

"म्हणजे मी येणार नाही असंच धरलं होतं," ती म्हणाली आणि वळली.

आता ही गेली तर ती माझ्या तोंडामुळे. तोंडाला आलं ते बोलले.

"बाबा सकाळी तुझ्या टोमॅटोच्या बिया काढत बसले होते. चिमट्याने."

ती थांबली. "घड्याळाच्या?"

"हो. उकळून घेतला होता."

ती मागे फिरली. मग आत आली, ढिगातली वरची खुर्ची उचलली आणि जिना चढायला लागली. मीही एक खुर्ची घेऊन मागे धावले. वर गेल्यावर तिने ती काकांच्या बरोब्बर समोर मांडली आणि बसली. काकांच्या हातातली ताटली कलली. लायब्ररीच्या बाईंनी ती धरली.

"टोमॅटो कुठायत?" मुलीने विचारलं.

मग पाहुणेच एकेक करून खाली गेले आणि आपापली खुर्ची वर घेऊन आले. मला रडू आवरेना.

भांडी घासताना काकू म्हणाल्या, "पेशंट ऑपरेशनला गेला तरी त्याच्या खाटेचं कार्ड आम्ही काढत नव्हतो. आणि इथे मी खुर्ची काढली."

आता जेवण उभ्याने असलं तरी खुर्च्या वरच राहतात, भिंतीला लावून. अभ्रे पाहुण्यांपेक्षा एक जास्त लागतात. जास्तीचा कुणासाठी, हे मात्र मी विचारत नाही.